न विचारता कापलेल्या अकरा पट्ट्या

माझ्या सुनेला उलट बोलायची सवय नाही, हीच तिची खोड. उलट बोलली असती तर मी चार शब्द सुनावले असते आणि विषय तिथेच मिटला असता. ही आधी "बरं, आई" म्हणते आणि मग स्वतःच्या मनातलं तेच करते. त्या मंगळवारी मी शेडमध्ये पाऊल टाकलं, तर माझ्या हाताने बांधलेल्या अकराच्या अकरा पट्ट्या जमिनीवर कापून पडलेल्या, आणि ही हातात कटर घेऊन उभी.

पट्ट्या म्हणजे केबल आवळायच्या प्लास्टिकच्या काळ्या पट्ट्या. आमच्या शेडमध्ये एकही केबल लोंबती दिसता कामा नये, हा नियम माझा. बावीस वर्षांपूर्वी ह्यांचा पाय जमिनीवर पडलेल्या केबलमध्ये अडकला. हातात वेल्डिंगची पेटती गन, ती सांभाळायला गेले आणि नडगीचं हाड मोडून घेतलं. हे अंथरुणावर, म्हणून मी दोन महिन्यांसाठी शेड बघायला आले, ती आजतागायत घरी बसलेली नाही. पहिल्या दिवशी काय केलं असेल, तर सगळ्या केबली भिंतीला आवळून टाकल्या. हे जाऊनही आता आठ वर्षं झाली, पण माझ्या खिशात पट्ट्यांचा जुडगा असतोच. कामगार माझ्या पाठीमागे मला पट्टीबाई म्हणतात. मला ठाऊक नाही असं त्यांना वाटतं, वाटू दे.

सहा महिन्यांपूर्वी मुलाने वेल्डिंगचा रोबो आणला. माणसाएवढा उंच लोखंडी हात. दवाखान्यातल्या खाटांची चौकट टेबलावर आवळून दिली की हा आपला वळत वळत एकेक जोड भरत जातो. मुलगा यंत्र आणून ऑर्डरी मिळवायला बाहेर मोकळा. चालवायची कोणी? सुनेने. ती ऑफिसातली बैठी नोकरी सोडून हे शिकली, तीन महिने रोज संध्याकाळी वर्गाला जाऊन.

सगळं ठीक होतं, फक्त केबल टिकेना. त्या हाताच्या खांद्यापासून मनगटापर्यंत जाड केबल जाते, तिच्या पोटातून वेल्डिंगची तार, गॅस आणि वीज. तीही मी अकरा पट्ट्यांनी त्या हाताला आवळून टाकली होती. पाच आठवड्यांत तीन केबली गेल्या. केबल गेली की दोन दिवस काम ठप्प, आणि खाटावाले दारात. शेवटी रविवारी जेवताना मी सांगून टाकलं, "आणखी एक केबल गेली की यंत्र विकायचं. तिथे पुन्हा काकांचं टेबल लागेल."

काका म्हणजे आमचे सगळ्यात जुने वेल्डर.

"मग मी काय करू, आई?" सुनेने विचारलं.

"ऑफिसात पत्रं टाईप करत होतीस, तशी कर."

हातातला घास तिने ताटात परत ठेवला. तरी म्हणाली काय, तर "बरं, आई."

आणि मंगळवारी हे.

"हे कोणाला विचारून कापलंस?" मी म्हटलं.

"विचारलं होतं, आई. तीनदा. केबलला थोडी ढील लागते म्हटलं होतं."

"आणि मी काय म्हटलं होतं?"

"ढील ठेवली की पाय अडकतो."

"मग?"

"रोबोला पाय नाहीत, आई."

काका हेल्मेटच्या आत हसले. हेल्मेट घातलं की हसणं दिसत नाही, पण खांदे दिसतात. मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, खांदे थांबले.

"तुम्हीच बांधा," सून म्हणाली. "नेहमी बांधता तशाच. मग एक चौकट चालवून बघू. नंतर माझ्या पद्धतीने एक."

आता मला कोणी आव्हान दिलं की मी मागे हटत नाही. मी स्टुलावर चढले, वीत वीत अंतरावर अकरा पट्ट्या बांधल्या, टोकं कापली. शेवटची मनगटाच्या अगदी जवळ. मुंगीला शिरायला फट ठेवली नाही. इतकं देखणं काम की कोणीही बघत राहावं. मग सुनेने खडू घेतला आणि केबलच्या अंगावरून खांद्यापासून मनगटावरच्या गनपर्यंत एक सरळ रेघ ओढली.

"हे काय? नजर लागू नये म्हणून?"

"रेघेकडे बघा फक्त."

पडदा ओढला, काळी काच समोर धरली, यंत्र सुरू झालं. पहिला जोड, दुसरा जोड. मला फार वाचता येत नाही, पण वेल्डिंग मला कानाने वाचता येतं. तार नीट येत असली की आवाज एकसारखा चरचरत राहतो, तव्यावर काहीतरी मंद आचेवर भाजत असावं तसा. तिसऱ्या जोडाला हाताला चौकटीच्या पायाखाली शिरावं लागतं. तिथे मनगट पूर्ण गोल फिरलं आणि आवाज फुटला. चट, चट, चट. ठिणग्या उडाल्या.

काकांनी मान वर केली. त्यांनाही ऐकू आलं होतं.

"पुन्हा लाव," मी म्हटलं.

पुन्हा तीच जागा, तोच आवाज. सुनेने यंत्र तिथेच थांबवलं. केबलवरची खडूची रेघ खांद्यापासून शेवटच्या पट्टीपर्यंत सरळ होती. तिथून पुढे उरलेल्या टीचभर केबलला मात्र रेघेने पूर्ण वेढा घातला होता. सगळा पीळ त्या टीचभर जागेत.

मी मागच्या भंगाराच्या पिंपाकडे गेले आणि तिन्ही जुन्या केबली बाहेर ओढल्या. पट्टीने आवळलं की रबरावर वळ उठतो. तिन्ही केबलींवर माझे अकरा अकरा वळ होते, आणि तिन्ही शेवटच्या वळाला लागूनच फाटल्या होत्या. बोट ठेवून पाहिलं. तिन्ही वेळा बोट त्याच जागी. केबली पुन्हा पिंपात टाकल्या आणि वर पत्र्याचे तुकडे टाकले.

परत आले तोवर तिने पट्ट्या काढून केबल आपल्या पद्धतीने लावली होती. वर तुळईला स्प्रिंग टांगली होती आणि तिच्यावरून केबल हाताभर ढील ठेवून खाली सोडली होती, डोक्याच्या वर, कोणाच्या पायात येणार नाही अशी. मनगटापाशी काहीच बांधलेलं नव्हतं. शिवाय एक जोड भरून झाला की मनगट जितकं फिरलं तितकंच उलटं फिरून यायचं, असंही तिने यंत्राला शिकवलं होतं.

"चालव," मी म्हटलं.

तिसरा जोड आला. मनगट फिरलं. रेघ सगळ्या ढिलीवर पसरून सावकाश एक वेढा फिरली आणि परत सरळ झाली. आवाज एकसारखा, चरचर, मध्ये खंड नाही.

"आणखी दहा चौकटी," मी म्हटलं आणि स्टूल ओढून बसले. चहा आला, निवला. दहाव्या चौकटीलाही आवाज तसाच. काका स्वतःचं काम सोडून माझ्या मागे येऊन उभे राहिले होते.

"बाई, हे माझ्या हातापेक्षा बरं निघालं," ते हळूच म्हणाले.

"तुमच्या हाताला कोणी पट्ट्या बांधल्या नव्हत्या," मी म्हटलं.

सून कटर हातात धरून समोर उभी होती, चेहरा तसाच, "बरं, आई" म्हणायच्या तयारीत. मी उठले.

"हे बघ," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "पट्ट्या कापल्यास ते बरोबर. न विचारता कापल्यास ते चूक, आणि ती चूक मी विसरणार नाही. यंत्र इथेच राहील, आणि यंत्रापाशी तू. तीन केबली माझ्या पट्ट्यांनी खाल्ल्या. तुझ्या नवऱ्याला ते तू सांगू नकोस, मी सांगेन. पण टेबलावरच्या त्या दिव्याची वायर लोंबतेय, ती आत्ताच्या आत्ता बांध. घट्ट. तो दिवा काही फिरत नाही."