दिग्दर्शित म्हंजे

"लटारू मोहुर्ले दिग्दर्शित, तीन अंकी संगीत नाटक, सासुरवाडीचा साक्षीदार." दुकानातल्या फरहाने कागदावरचा मजकूर मोठ्याने वाचला. "बरोबर हाय नं, बाई? टाकू छापायले?"

रुखमाबाईंनी मान हलवली. मूल गावातल्या या फ्लेक्सच्या दुकानात त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. दर नाट्यहंगामात त्यांचे यजमान, नाटक मंडळीचे मालक लटारूभाऊच यायचे. आज ते तबलजीला गाठायला बाजारात थांबले होते. रुखमाबाईंना वाचता येत नव्हते. कोणी नाटक दोनदा वाचून दाखवले की त्यांना तोंडपाठ होई. मग कोणी कुठून यायचे, किती थांबायचे, रडताना पदर कुठे धरायचा, हे बावीस वर्षे नटांना त्याच सांगत आल्या होत्या.

"पोरी, दिग्दर्शित म्हंजे मालक नं?"

"नाई बाई. मालकाले निर्माता म्हंतेत. दिग्दर्शित म्हंजे नाटक कोणं बसवलं ते. ज्यानं नटायले शिकवलं, त्याचं नाव आधी, मंग हा शब्द."

"अन् माह्यं नाव?"

फरहाचे बोट कागदाच्या तळाशी गेले. "इथी हाय. कपडेपट."

रुखमाबाई फ्लेक्सच्या गुंडाळ्यांवरच बसल्या.

"पहिल्याच नाटकाले इचारलं होतं मी त्यायले," त्या म्हणाल्या. "म्हणे, मालकाले तसं म्हंतेत."

फरहाने त्यांच्याकडे पाहिले, मग कागदाकडे. "भाऊले फोन लावू का?"

"काऊन? त्या शब्दाच्या आधी माह्यं नाव टाक. पूर्ण टाक."

लटारूभाऊ आले तेव्हा फ्लेक्स जमिनीवर पसरलेला होता, शाई अजून ओली होती. चप्पल काढता काढता त्यांची नजर वरच्या ओळीवर गेली, आणि दुसरी चप्पल पायातच राहिली.

"हे कोणं लिवलं?"



"मोठ्यानं वाचा," रुखमाबाई म्हणाल्या.

लटारूभाऊंनी फरहाकडे पाहिले. तिने मान खाली घातली. त्यांनी घसा खाकरला.

"रुखमाबाई... मोहुर्ले... दिग्... दर्शित."

"आवाज पडून राह्यला," रुखमाबाई म्हणाल्या. "अन् मधात तोडू नका. मान वर करून, पुन्हा."

लटारूभाऊंनी मान वर केली.