वॅगन-आरचे मागचे दिवे

सरूच्या लग्नात जावयाला गाडी द्यायची, हे बोलणीतच ठरलं होतं. साल दोन हजार आठ. जगन नागोठण्याच्या कंपनीत परमनंट होता, रोह्यात स्वतःचं घर होतं. त्याची आई गिरजाबाई स्पष्टच म्हणाली होती, "सेकंडहँड चालेल, पण नव्या मॉडेलची पायजे. आमच्या आळीत हसं नको."

सरूचे वडील कमळाकर हमरापूरला गणपती करायचे. लग्नाआधी त्यांनी पांढरी वॅगन-आर आणून दारात उभी केली. जगनने गाडीला फेरी मारली. मागचे दिवे नव्या मॉडेलचे, स्वच्छ काचेचे होते. त्यांच्यावरून त्याने बोट फिरवलं आणि मान हलवली. कागद नाव बदलायला पेणच्या आरटीओत दिलेत, असं कमळाकरांनी सांगितलं. पुढं कोणी विचारलं की, "तिथं वेळ लागतो," एवढंच म्हणायचे.

दिवाळीनंतर डावा ब्रेक लाइट लागेना. जगन गाडी मिस्त्रीकडे घेऊन गेला. मिस्त्रीने डिकी उघडून दिवा सोडवला, तर आत वायरी तोडून चिकटपट्टीने जोडलेल्या.

"हे लाइट हिचे नायत," तो म्हणाला. "गाडी जुन्या मॉडेलची हाय. बॉडी तीच, म्हणून नवीन लाइट बसलेत."

जगन घरी आला तेव्हा सरू भाकऱ्या थापत होती. पिठाचे हात धुवू न देता त्याने तिला बाहेर बोलावलं. आळीतली माणसंही बोलावली. मग त्याने सगळ्यांसमोर दोन्ही दिवे काढले.

"बघा, हिच्या बापानं काय केलंय."

"मला ठाऊक नव्हतं," सरू म्हणाली. ते खरं होतं, पण कोणाला पटलं नाही.

"रंगारीच ते," गिरजाबाई दारातून म्हणाली. "मातीला रंग फासून देव म्हणून विकतात. गाडीचं काय घेऊन बसलास?"

जगनने दिवे बाजाराच्या पिशवीत कोंबले आणि पिशवी तिच्या पायाशी टाकली. "हे बापाला दे. खरी गाडी घेऊन ये, नायतर तिथंच ऱ्हा."

सरूने हात धुतले, साडी बदलली आणि एसटी पकडली. नागोठण्यापर्यंत तिला जगनचा राग येत होता. तिथून पुढं तो वडिलांकडे वळला. लग्नाआधी तिने गाडी चालवून बघते म्हटलं, तेव्हा त्यांनी चावी दिली नव्हती. गणपतींनी भरलेला टेम्पो ती पनवेलपर्यंत न्यायची, तेव्हा मात्र त्यांना भीती वाटली नव्हती.

कमळाकर शेडमध्ये मूर्ती घासत बसले होते. सरूने पिशवी त्यांच्यापुढं उपडी केली.

दिव्यांकडे बघून ते पुन्हा घासायला लागले. "त्यांना दिसायला नवी पायजे होती. दिसायला दिली."

"तुम्ही दिलीत. त्या घरात राहायचं मला होतं."

"पेणच्या गॅरेजवाल्यानं चांगले बसवले होते. कोणाला कळलं नसतं."

"मला सांगायचं होतंत. मी लग्नालाच नाय म्हटलं असतं."

"म्हणून तर सांगितलं नाय."

सरूची आई हौसा पाणी घेऊन आली होती. ती दारातच थबकली.

"कागद कुठं हायत?" सरूने विचारलं.

"कपाटात. दुसरी चावीबी तिथंच. तुझ्या नावावर केलीय गाडी. जावयाच्या नावावर केली असती तर कागद त्याच्या हातात गेला असता, साल दिसलं असतं." मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "दुसरी गाडी मला जमणार नाय."

"मागितली कोणी?"

सकाळी ती रोह्यात उतरली. गाडी घरासमोरच होती. दिव्यांच्या जागी दोन भोकं, त्यातून वायरी लोंबत होत्या. सरूने दुसऱ्या चावीने डिकी उघडली, पिशवीतून दिवे आणि स्क्रू ड्रायव्हर काढला आणि रंगाला रंग जुळवून वायरी जोडायला बसली. टेम्पोचे दिवे तिने अनेकदा दुरुस्त केले होते.

गिरजाबाई बाहेर आली. "नवी गाडी कुठाय?"

"नाय आणली."

"मग आलीस कशाला गो?"

"ही न्यायला."

गिरजाबाईने आत हाक मारली. रात्रपाळी करून झोपलेला जगन बनियनवर बाहेर आला, तोवर सरू गाडीत बसली होती. सगळ्या दारांना आतून लॉक होतं. तो गाडीपुढं उभा राहिला.

"उतर खाली. गाडी माझी हाय."

सरूने कागद काचेला आतून लावला. "नाव वाच."

त्याने वाचलं आणि बॉनेटवर मूठ आपटली. "तंगडी मोडीन तुझी."

लग्न झाल्यापासून ती त्याला अहो-जाहो करत होती. आता म्हणाली, "मोड. कालची सगळी माणसं दारात उभी हायत. तूच बोलावलं होतंस त्यांना."

त्याने आळीकडे पाहिलं. कोणी पुढं आलं नाही, पण आतही गेलं नाही. सरूने रिव्हर्स टाकला आणि गाडी तशीच मागे नेत आळीबाहेर काढली. जगन काचेवर चप्पल मारत कोपऱ्यापर्यंत धावला.

"तुझं सामान जाळून टाकीन," मागून गिरजाबाई म्हणाली.

"जाळा."

हमरापूरला कमळाकर हसत बाहेर आले. "बरं केलंस. आता हितंच ऱ्हा. सीझनला गाडीबी कामाला येईल."

सरूने इंजिन बंद केलं नाही. हौसाने आतून चार साड्या आणि एक पातेलं आणून मागच्या सीटवर ठेवलं.

सरूने नागोठण्यात खोली घेतली. जगनच्याच कंपनीतल्या कँटीनच्या बायकांना ती शिफ्टला न्यायची-आणायची. गेटवर जगन दिसायचा. पहिल्यांदा तो गाडीजवळून जाताना थुंकला. पुढं रस्ता ओलांडून पलीकडून जायला लागला. फारकतीची नोटीस तिनेच आधी पाठवली.

पुढच्या गणपतींनंतर कमळाकर तिच्या खोलीवर आले. तिने त्यांना पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली.

"झालं ते झालं," ते म्हणाले. "बाप हाय मी तुझा. तुझं वाईट चिंतलं होतं काय?"

"माझं चांगलं कशात, ते मला कधी विचारलंत?"

सरूने दारात चपला घातल्या. बायका गेटवर थांबल्या असतील, असं सांगून तिने कुलूप हातात घेतलं आणि ते उठेपर्यंत उभी राहिली.