कोपऱ्यातला दह्याचा ठिपका

लॅबमध्ये नव्यानं आलेल्या मित्रांनो, कपाटातली ती तपकिरी बाटली दिसते ना, बुचापर्यंत डागाळलेली? तो मी. जुना जांभळा रंग. कपडे रंगवणं आपलं काम नव्हे. माझं गिऱ्हाईक फार बारीक. रोगाचे जंतू सूक्ष्मदर्शकाखालीही दिसता दिसत नाहीत. मी त्यांच्या अंगाला चिकटलो की मग कुठे नजरेत भरतात.

आधी मी हिरवट चमकीची पूड होतो. दवाखान्याच्या लॅबमध्ये नमुने तपासणाऱ्या ताईंनी मला विरघळवलं आणि त्याच दिवशी मी त्यांची बोटं जांभळी केली. त्यांच्या सासूबाईंनी विचारलं, "नोकरी करतेस की शाई सांडत बसतेस?"

आमचं काम असं. काचपट्टीवर नमुना, त्यावर मी, मग आयोडीन, मग स्पिरिटनं धुवायचं. काही जंतू मला सोडतात, त्यांच्यावर मागून लाल रंग चढतो. काही घट्ट धरतात, ते जांभळेच राहतात. दोघांची औषधं वेगळी. पण स्पिरिट जास्त वेळ राहिलं, की ते मला सगळीकडूनच उपटून काढतं. म्हणून ताई पट्टीच्या कोपऱ्यात दह्याचा ठिपका लावायच्या. दह्यातले जंतू मला घट्ट धरणारे, ते जांभळेच राहायला हवेत, नाहीतर धुणं चुकलं. डॉक्टर चिडवायचे, "काय ताई, दह्याला ताप किती?"

एका दुपारी शिंप्याची लेक आली. अंगात ताप, मान ताठ, बापाला ओळखेना. तिच्या मणक्यातून काढलेलं पाणी आमच्याकडे आलं, अगदी एवढंसं. डॉक्टरांनी पहिलं इंजेक्शन देऊन ठेवलं होतं, पण पुढचं औषध कोणतं, ते आमच्यावर अडलं होतं. ताईंनी पट्टीवर स्पिरिट ओतलं, तोच शिंपी दारात येऊन रडायला लागला. त्याला बाकावर बसवून येईपर्यंत उशीर झाला.

बघतात तर सगळे जंतू लाल. डॉक्टर निघालेच होते औषध सांगायला. ताईंनी पट्टी कोपऱ्याकडे सरकवली. दहीपण लाल.

"थांबा डॉक्टर. माझं धुणं चुकलंय. परत करते."

"ताई, पोरीकडे वेळ नाही हो."

"चुकीच्या औषधासाठी तर मुळीच नाही."

नमुन्याचा शेवटचा थेंब उरला होता. आणि माझी अवस्था काय? खिडकीत उन्हात पडलेलो, झाकण अर्धवट, अंगात बारीक खडे धरलेले. ते पट्टीवर पडले असते तर जंतूच वाटले असते. ताईंनी मला कागदातून गाळून घेतलं. मी मनाशी म्हटलं, आता स्पिरिटाचा बाप आला तरी सुटायचं नाही. थेंबावर पसरलो, पाय रोवले. आयोडीननं वरून गाठ मारली.

शिंपी पुन्हा दारात आला. ताईंनी मान न वळवता त्याला हातानंच थांबवलं. स्पिरिटाबरोबर पट्टीवरून जांभळं ओघळायचं थांबताच त्यांनी ती नळाखाली धरली.

दही जांभळं. आणि पोरीचे जंतूही जांभळे, जोडीजोडीनं बसलेले. डॉक्टर जांभळ्यांचं औषध सांगायला तसेच वॉर्डकडे पळाले.

काही दिवसांनी पोरगी बापाचा हात धरून, आपल्या पायांनी घरी निघाली, तेव्हा तिनं ताईंची बोटं निरखली. "हा रंग जात नाही?"

"नाही गं बाई. भारी चिवट आहे."

हल्ली दही संपलं की डॉक्टरच आठवण करून देतात.

तर मित्रांनो, माझं झाकण घट्ट लावा, मला उन्हात टाकू नका, खडे दिसले तर गाळून घ्या. आणि कोपऱ्यातल्या ठिपक्याला हसू नका. धरून ठेवायचं माझ्यावर सोडा. धुताना तेवढं लक्ष तुमचं असू द्या.