राजगोपालरावांच्या नावाची बाटली

जटकावाल्यानं घोडा थांबवला तो नदीकाठच्या पानमळ्याशी. मळ्यामागच्या झोपडीकडे बोट दाखवून तो राजगोपालरावांना हळूच तमिळमध्ये म्हणाला, "जा सार. आज पोलिसांची भीती नाही. अम्मा बसतील गाडीत, मी आहे."

झोपडीकडून आंबूस वास आला. गाडीत बसलेल्या त्यांच्या बायकोच्या, भवानीच्या, तोंडाला पाणी सुटलं, आणि त्याचीच तिला इतकी लाज वाटली की तिनं पदर नाकाशी घट्ट धरला.

"पिणारे जमतात तेथ नको रे," राजगोपालराव ओशाळून म्हणाले. "सोडलेले जमतात, तेथ. रेल्वेचे इंजिनवाले सॅम्युएल आहेत ना, त्यांच्याकडे."

जटकावाल्यानं त्यांच्याकडे नीट बघितलं आणि गाडी वळवली.

त्याचं तरी काय चुकलं? पितात ते राजगोपालराव, असंच साऱ्या गावाला वाटत होतं. तिरुभुवनमच्या विणकर सोसायटीतले हे कारकून औषधाच्या दुकानातून आल्याच्या अर्काची बाटली नेतात आणि दारूबंदीत त्या अर्कावरच कित्येकांची तहान भागते, हे कोणापासून लपलं नव्हतं. राजगोपालराव थेंबालाही शिवत नाहीत, हे एकट्या भवानीला ठाऊक. दुसरं मूल जन्मताच गेलं, तेव्हा झोप लागावी म्हणून वैद्यानं तिला आसव दिलं होतं. आसवानंतर अर्क आला. पहिल्यांदा ती स्वतःच दुकानात जायला निघाली, तर ते पायांत चपला सरकवत म्हणाले, "तूं नकोस जाऊं. बाईमाणसाला लोक बोलतील." तेव्हापासून लोकांचं बोलणं ते ऐकून घेत आले.

गेल्या महिन्यात पंकजाचं सीमंत झालं. लेकीला ओवाळताना भवानीच्या हातातलं तबक कलंडलं आणि पंकजाच्या पदरानं पेट घेतला. कोणीतरी घागर ओतली, विझलं. व्याह्यांना वाटलं, तबक हातून निसटलं. पंकजा मात्र जवळ उभी होती, तिला आईच्या तोंडाचा वास आला. तिरुप्पनंदाळला सासरी परत जाताना ती एवढंच म्हणाली, "अम्मा, बाळंतपणाला मी एथ येत नाहीं." पहिलं बाळंतपण, आणि लेक माहेरी नको म्हणते. भवानी त्या दिवशी जेवली नाही. प्यायली मात्र.

देवळात जावं तशी ती आज देवाचं नाव घेत निघाली होती. पण सॅम्युएलची माणसं जमत ती चर्चच्या शाळेत, रविवारी दुपारी. वर्गात पाच-सहा पुरुष पोरांच्या बुटक्या बाकांवर गुडघे उंच करून बसले होते. सॅम्युएल पांढऱ्या मिशांचा, धिप्पाड माणूस. त्यानं राजगोपालरावांचा हात धरून त्यांना आत नेलं.

"या सार. इथवर येणंच अवघड असतं. अम्मा, तुम्ही ओसरीवर बसा. तुमच्यासमोर त्यांना मोकळं बोलता येणार नाही."

भवानीनं नवऱ्याकडे पाहिलं. "बस तूं," ते आपल्या मराठीत हळूच म्हणाले, "मी ऐकतों नि घरी जाऊन तुला अस्कं सांगतों, एक शब्द गाळत नाहीं."

ती खिडकीखाली बसली. आतून सॅम्युएलचा आवाज येत होता. "लाल सिग्नल मला दिसला होता. दिसला, तरी मी गाडी पुढं नेली. समोरून दुसरी गाडी येत नव्हती, म्हणून आज इथं बसून बोलतो आहे."

मग तिच्या नवऱ्याचा चाचरता आवाज.

"माझं नाव राजगोपाल. मी... मला रोज लागते. लेकीच्या सीमंतात माझ्या हातून तबक पडलं. तिच्या पदराला आग लागली. माझ्यामुळं."

भवानी उठली. आपण आत कशा आलो, ते तिला कळलं नाही. सगळे पुरुष वळून बघत होते.

"ते पीत नाहीत," ती तमिळमध्ये म्हणाली. "मी पिते. तबक माझ्या हातून पडलं."

सॅम्युएल उठून उभा राहिला. "चूक माझी झाली, अम्मा," तो म्हणाला. "ओसरीवर बसवायला नको होतं. या."

राजगोपालरावांनी बाकावर सरकून तिला जागा करून दिली. ते तसेच बसून हमसून हमसून रडले. इतक्या वर्षांत भवानीनं त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. ती त्यांच्या शेजारी त्या बुटक्या बाकावर टेकली आणि दुसऱ्या मुलापासून सांगायला लागली.

पुढचं सगळं सरळ झालं नाही. एकदा शेजारच्या लग्नघरातून येताना ती स्वतःच दुकानात गेली आणि बाटली घेऊन आली. पुढच्या रविवारी तेही तिनं त्याच बाकावर सांगितलं. त्यानंतर राजगोपालराव दुकानावरून जाताना दुकानदार सवयीनं बाटलीकडे हात नेई, आणि ते मान हलवून पुढं जात. लोक म्हणाले, कारकुनानं सोडली वाटतं. त्यांनी तेही ऐकून घेतलं.

पंकजा बाळंतपणाला आली नाही ती नाहीच. मुलगी तिरुप्पनंदाळला झाली.

बाळाच्या चौथ्या महिन्यात पंकजा तिला घेऊन आली. भवानी पाय पसरून भिंतीला टेकून बसली, आणि पंकजानं बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. ठेवलं, पण बाजूला झाली नाही. वाकून, दोन्ही हात बाळाखाली धरल्यासारखे करून तशीच उभी राहिली. भवानीनं वर पाहिलं नाही. ती बाळाच्या टाळूवरून बोट फिरवत राहिली.

बऱ्याच वेळानं पंकजानं हात मागं घेतले.

"अम्मा, तहान लागली," ती म्हणाली, आणि पाणी प्यायला एकटीच मागल्या दारच्या विहिरीकडे गेली.