हाबिसचा पेला

मी करक गावच्या मिथ्कालची कॉफीची किटली बोलतेय. पितळेची, लांब चोचीची आणि पोटावर चांगला मोठा पोचा असलेली. दुसरा कुणी असता तर त्यानं पोचा भिंतीकडे करून ठेवला असता, पण मिथ्काल पाहुणा आला की मुद्दाम तीच बाजू पुढं करायचा.

मिथ्कालला जाऊन आज तिसरा दिवस. दाराशी तंबू ठोकलाय, माणसं येतात, बिनसाखरेची कॉफी घेतात आणि त्याचे गोडवे गातात. शूर शिपाई, मोठा व्यापारी, बायकामुलांवर जीव टाकणारा. सगळं खरं आहे. तरी माझ्या मनाला चैन नाही, कारण जे मला ठाऊक आहे ते कुणीच बोलत नाहीये.

तो फौजेत निघाला तेव्हा त्याच्या आईनं मला त्याच्या गाठोड्यात बांधलं. नदीकाठच्या लढाईत त्याच्या मांडीत गोळी घुसली. त्याच्याच तुकडीतल्या हाबिसनं त्याला पाठुंगळी घेतलं, मला कमरेला अडकवलं आणि दगडधोंड्यांतून तो पळत सुटला. हा पोचा तेव्हाचा. शुद्धीवर आल्यावर मिथ्कालनं आधी विचारलं, किटली कुठंय? हाबिस म्हणाला, "तुला उचलून माझी कंबर मोडली, त्याचं काही नाही. किटली म्हणे!"

फौज सुटल्यावर दोघांनी मिळून एक जुना ट्रक घेतला. करक ते अकाबा बंदर, अकाबा ते करक. एकाचे तीस झाले. अकाब्याहून येताना मिथ्काल घरी बर्फातली मासळी आणायचा. त्याच्या बायकोला, उम रकानला म्हणजे थोरल्या रकानच्या आईला, मासळीचा वासही सोसत नसे. पण नवऱ्यानं हौसेनं आणलीय म्हणून तिनं ती वीस वर्षं खाल्ली. पेढीवर रोज सकाळी माझ्यातला पहिला पेला मिथ्काल घ्यायचा, दुसरा हाबिस.

मग ती सकाळ आली. हाबिसचा मुलगा नव्वाश ट्रकवर होता. तो पेढीवर येऊन म्हणाला, ब्रेक नीट लागत नाहीये. मिथ्काल माझ्यातून कॉफी ओतत होता. मान वर न करता म्हणाला, "एवढी एक खेप मार, मग बघू." मिथ्कालचा धाकटा मुलगा, थामिर, हौसेनं नव्वाशशेजारी जाऊन बसला. उतारावर ट्रक उलटला. नव्वाश वाचला, थामिर गेला.

आमच्याकडे अशा वेळी गावचे वडीलधारे अपराध्याच्या घरच्यांना घेऊन मयताच्या घरी येतात. कॉफी ओतली की म्होरक्या पेला न पिता खाली ठेवतो आणि मागणं मागतो. यजमान "प्या, दिलं" म्हणतो, मगच पेला ओठाला लागतो. त्या दिवशी म्होरक्यानं नव्वाशसाठी माफी मागितली. मिथ्काल माझ्याकडे बघत राहिला. कॉफी गार झाली, माणसं न पिताच उठली. एवढी मान खाली माझी कधी गेली नव्हती. माफी मिळाली नाही की अपराध्याच्या घरच्यांनी गाव सोडायचं, ही आमची रीत. हाबिसनं घराला कुलूप लावलं आणि कुटुंब घेऊन तो अकाब्याला गेला.

दुसऱ्या दिवसापासून मिथ्काल घरीच कॉफी करू लागला. पेले मात्र दोन भरायचा. दुसरा गार झाला की उम रकान तो अंजिराच्या बुंध्याशी ओतायची. अशी अकरा वर्षं गेली.

आणि आज हाबिस आला. काठी टेकत, एकटाच. थोरल्या मुलानं, रकाननं, पेला हातात दिला. हाबिसनं तो खाली ठेवला. म्हणाला, मला माझ्या गावात मरायचंय. माणसं कुजबुजली, सुतकाच्या घरी असं मागतात का? बापानं नाकारलेलं रकाननं कसं द्यावं?

तेवढ्यात उम रकान बायकांतून उठून पुरुषांच्या तंबूत आली.

"रकान, तुझा बाप रोज दुसरा पेला ह्यांच्याच नावानं भरायचा. ब्रेकचं नव्वाशनं सांगितलं होतं. गाडी काढायला लावली ती तुझ्या बापानं. मला एकटीला सांगितलं, पण चारचौघांत ते तोंडातून निघेना, म्हणून माफीही निघाली नाही."

हाबिस हळूच म्हणाला, "मला ठाऊक होतं, वहिनी. नव्वाशनं त्याच दिवशी सांगितलं."

"मग बोलला का नाहीत?"

"त्याचा पोरगा गेला होता. वर हे कुठल्या तोंडानं बोलू?"

रकाननं वाकून त्याच्या कपाळाचं चुंबन घेतलं. "प्या काका. माफी आम्हीच मागायची होती."

हाबिसनं ती गार कॉफी एका घोटात संपवली. पुरे झालं की आमच्याकडे पेला हलवून परत देतात. त्यानं तो हलवला नाही, नुसता पुढं धरला. रकाननं ओतली. पुन्हा धरला, पुन्हा ओतली. म्हातारा रडत होता आणि पीत होता. कुणी त्याला थांबवलं नाही.

आता मी रिकामी आहे. तुमच्याही घरी कुणाच्या नावाचा पेला रोज भरत असेल, तर बाबांनो, त्या माणसाला बोलवा. अंजिराला कॉफी लागत नाही.