ढेकळाची रीत

ढेकळाची रीत मी रचली. आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी कुणी मला खोटारडी म्हणायला नको. आहेच मी, पण वेळेवर सांगते.

धायरीत आमची अकरा गुंठे जमीन उरली आहे. बाकीची रस्त्यात गेली, सोसायट्यांत गेली. या तुकड्याच्या तीन बाजूंना इमारती आणि चौथ्या बाजूला आमचं घर. आमचे हे असताना तिथं मेथी, कोथिंबीर, थोडी ज्वारी व्हायची. ते गेले, मग सून गेली, मग माझा मुलगा अभयही गेला, आणि सातबाऱ्यावर दोनच नावं उरली. एक माझं, एक नातवाचं, विश्वजीतचं.

विश्वजीतला कंपनीनं गेल्या दिवाळीच्या तोंडावर घरी बसवलं. तेव्हापासून तो सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसतो. कुणी विचारलं तर सांगतो, ब्रेक घेतलाय. नातसून ऋतुजा बँकेत जाते. ती जाताना तो दाराशी उभा राहून हात हलवतो आणि दार लावलं की तिथंच जरा वेळ उभा राहतो. मी स्वयंपाकघरातून बघते. बघितलं असं दाखवत नाही.

अशात त्याच्या कॉलेजातला शुभंकर घरी आला. हा परदेशातल्या जागा विकतो. पोह्यांची बशी बाजूला सारून त्यानं लॅपटॉप माझ्याकडं वळवला.

"आजी, हे इंडोनेशिया. बाली बेट. गाव बघा, अगदी आपल्या गावासारखं."

"मग आपल्या गावाला काय झालं?"

"इथं आता गाव कुठं राहिलंय, आजी."

"हो ना. तुझ्यासारखं कुणीतरी येऊन गेलं असणार."

तो हसला. विकणाऱ्याला हसावंच लागतं. त्याचा बेत असा होता, की अकरा गुंठे बिल्डरला द्यायचे आणि त्या पैशांतून तिथल्या भातखाचरात दोन व्हिला बांधायचे. जगभरचे लोक येऊन राहणार, भाडं विश्वजीतला. नोकरीची गरजच नाही.

"जमीन याच्या नावावर होणार का?" मी विचारलं.

"परदेशी माणसाच्या नावावर नाही होत. लीज असतं, तीस वर्षांचं."

"म्हणजे इथलं द्यायचं ते कायमचं, आणि तिथलं घ्यायचं ते वापरून परत द्यायला."

"आजी, तीस वर्षांत पैसे कुठल्या कुठं जातील."

"तेच म्हणते मी."

ऋतुजानं चहाच्या कपात तोंड लपवलं. विश्वजीत मात्र हसला नाही. तो माझ्याकडं बघतही नव्हता, टेबलावरचा एक डाग नखानं खरवडत होता. लहानपणी परीक्षेचा निकाल घेऊन यायचा तेव्हा असाच बसायचा. माझ्या सहीशिवाय काही होणार नव्हतं आणि 'नाही' म्हणायला मला तेवढाच श्वास पुरला असता. पण त्या नखाकडं बघून तो श्वास काही निघेना.

म्हणून मग मी रीत काढली.

"सही करीन," मी म्हटलं. "पण आपल्यात ढेकळाची रीत आहे. जमीन देणाऱ्यानं त्याच जमिनीतलं ढेकूळ उचलून घेणाऱ्याच्या हातात द्यायचं. कागद नंतर. ढेकूळ न घेता जमीन घेतली तर ती जागेवर ठरत नाही."

"ठरत नाही म्हणजे?" शुभंकर.

"कालव्याकडची पिवळी इमारत माहितीये? तिथं ढेकूळ दिलंच नव्हतं. पहिल्या वर्षी गेट वीतभर सरकलं. दुसऱ्या वर्षी वॉचमन खुर्चीत डुलकी काढायला बसला, तो जागा झाला रस्त्याच्या पलीकडं, खुर्चीसकट. आता वरच्या मजल्यावरच्या बायका सकाळी खिडकी उघडून आधी बघतात, आज आपण कुठल्या गल्लीत आहोत. दूधवाला तर कंटाळून गावाला निघून गेला."

"मी रोज तिथून जाते, आजी," ऋतुजा म्हणाली.

"जातेस ना? मग उशीर का होतो तुला?"

मी अट घातली, की विश्वजीत जागा बघायला तिकडं जाईल तेव्हा तिथल्या शेतकऱ्यानं आपल्या हातानं त्याला ढेकूळ द्यायचं आणि ते मी फोनवर बघायचं. शुभंकर म्हणाला, "डन. एक कशाला, टोपलीभर देतील." माझा हिशेब वेगळा होता. विश्वजीत भिडस्त. दुकानात सुटे पैसे मागायला लाजतो. परक्या देशात परक्या म्हाताऱ्याला हा माती मागणार नाही, गोष्ट लांबेल, तोवर दुसरी नोकरी लागेल. असं मला वाटलं होतं.

त्यानं मागितली.

फोन सकाळी आला, मी मटार सोलत होते. तिकडं दुपार झाली होती. ऋतुजानं फोन डब्याला टेकवून उभा केला. आधी नुसतं हिरवं दिसलं. मग फोन स्थिर झाला आणि मी हातातली शेंग तशीच धरून बसले. खाचरं होती. एकाखाली एक उतरत गेलेली, बांध घातलेली, पाण्यात आभाळ. माझं माहेर डोणज्याचं, सिंहगडाच्या पायथ्याचं. आषाढात तिथं उभं राहिलं की असंच दिसायचं. बांधाच्या कोपऱ्यात बांबूचं एवढंसं देऊळ होतं आणि त्यावर पानाच्या द्रोणात फुलं आणि चार शितं. ताजी होती. सकाळीच कुणीतरी ठेवलेली.

"आजी, हे केतुत," विश्वजीत म्हणाला. "यांची जमीन. आणि हा यांचा मुलगा."

मुलगा गॉगल लावलेला, चुणचुणीत. इंग्रजीत शुभंकरशी भराभर बोलत होता. केतुत माझ्या वयाचा असेल. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्याला फडकं. त्यानं फोनमधल्या मला बघून हात जोडले. मीही जोडले, मटारासकट.

मुलानं त्याला त्यांच्या भाषेत समजावलं. काय सांगितलं देव जाणे. म्हाताऱ्यानं मान हलवली, वाकला आणि खाचरात हात घातला. तिथं ढेकूळ कुठलं, चिखल होता. ओंजळभर काळा चिखल घेऊन तो उभा राहिला. विश्वजीतनं दोन्ही हात पुढं केले. प्रसाद घ्यायला करतो तसे, उजवा वर, डावा खाली.

म्हातारा त्या हातांकडं बघत राहिला. मग स्वतःच्या. बोटांमधून पाणी गळत होतं. मुलगा काहीतरी म्हणाला, घाई करा अशा सुरात. म्हातारा वळला. दोन पावलांवर बांधाला बारीक फट पडली होती, तिथून पाणी झिरपत होतं. तो उकिडवा बसला आणि तो चिखल त्यानं त्या फटीत भरला. तळव्यानं दाबला. बाजूनं अंगठा फिरवून सारखा केला. मग पाटाच्या पाण्यात हात धुतले आणि बसून राहिला, आमच्याकडं पाठ करून.

विश्वजीतचे हात अजून पुढंच होते.

"ही इज जस्ट रिपेअरिंग," शुभंकरचा आवाज आला. "नो इश्यू आजी, सगळे अधिकार मुलाकडे आहेत. तीस वर्षांचाच तर प्रश्न आहे."

मी म्हटलं, "तीस वर्षं म्हणजे त्याला कायमच. आणि मलाही." आणि ऋतुजाला फोन बंद करायला सांगितला.

मला आनंद व्हायला हवा होता. माझी युक्ती लागू पडली होती. पण दिवसभर मला त्या म्हाताऱ्याची पाठच दिसत होती. मी चेष्टेत एक अट घातली, आणि समुद्रापलीकडं एका माणसाला ती खरीच पाळावी लागली.

विश्वजीत करार न करताच परत आला. बॅग ठेवली, जेवला, झोपला. ऋतुजानं त्याला काही विचारलं नाही; मला मात्र भांडी विसळता विसळता म्हणाली, "आजी, तुमचं बरोबर असेल. पण घरात बसून तो रोज थोडा कमी होतोय. ते कुणी बघायचं?" तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

रविवारी सकाळी विश्वजीत माझ्यासमोर येऊन उभा राहिला. हातात ह्यांचं जुनं खुरपं.

"चल, आजी. रीत आपल्यालाही लागू आहे. बिल्डर विचारतोय. ढेकूळ उचल. माझ्या हातात दिलंस तर विकू. खाली ठेवलंस तर हा विषय मी पुन्हा काढणार नाही."

आपण रचलेल्या गोष्टीत आपणच जेवायला बसायची वेळ आली.

ऋतुजानं मला हात देऊन बांधावरून उतरवलं. कितीतरी दिवसांत मी आत पाऊल टाकलं नव्हतं. खुरपं मारलं तर खण्ण वाजलं. फरशीचा तुकडा. पुढं सरकून मारलं, सिमेंटचा गोळा. शेजारच्या स्कीमवाल्यांनी सगळा राडारोडा आमच्यात लोटला होता आणि वर गवत उगवलं होतं. मी ज्या जमिनीसाठी अडून बसले होते तिच्यात द्यायला एक ढेकूळ सापडेना.

"राहू दे, आजी," ऋतुजा म्हणाली.

"गप बस."

मी खाली बसले आणि खणत राहिले. विटांचे तुकडे, तारा, कुणाच्यातरी बाथरूमची निळी टाइल. विश्वजीत एकेक बाजूला ठेवत होता. हातभर खाली गेल्यावर खुरप्याचा आवाज बदलला. मऊ झाला. काळी माती. मी खुरपं टाकून हातानं उकरलं आणि मुठीएवढं ढेकूळ निघालं. ओल धरून होतं. वास तोच.

मी ते घेऊन उठले. विश्वजीतनं हात पुढं केले, तसेच, उजवा वर, डावा खाली.

"एक विचारू?" मी म्हटलं. "ही रीत खरी वाटली तुला?"

"नाही. निघायच्या आदल्या दिवशी नागोराव आजोबांना विचारलं होतं."

नागोराव म्हणजे माझे चुलत दीर. "काय म्हणाले भावजी?"

"म्हणाले, 'आरं, माझं आयुष्य गेलं हितं, असलं काय ऐकलं न्हाई. वैनीचं डोकं हाय ते.'"

"आणि तरी मागितलंस तिथं?"

"मला वाटलं, देईल सहज. माती तर आहे. त्यानं बांध लिंपला ना, आजी, तेव्हा मला कळेना हात खाली कसे घ्यायचे."

मी त्याच्याकडं बघितलं. दाढीत पांढरे केस आले होते. माझ्या नातवाच्या दाढीत. ढेकूळ खाली ठेवलं तर जमीन राहणार होती आणि हा इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी उभा राहणार होता. दिलं तर इथंही एक पिवळी इमारत. केतुतला निदान एक फट सापडली होती. माझ्यापुढं फट नव्हती, नुसता राडारोडा.

मी ढेकूळ त्याच्या हातात ठेवलं.

ऋतुजानं श्वास आत घेतला तो मला ऐकू आला.

"म्हणजे विकायची?" विश्वजीतनं विचारलं.

"मी बिल्डरला दिलं का? तुला दिलं. माझं नावही काढून टाक सातबाऱ्यावरून, मी सही करते. आता जमीन तुझी. विक, ठेव, व्हिला बांध. मला विचारायला येऊ नकोस."

तो ढेकूळ धरून उभा राहिला. ते हलकंसं फुटलं, माती मनगटावरून शर्टाच्या बाहीत गेली.

"याचं आता काय करायचं?" तो म्हणाला. "रीतीत पुढं काय असतं?"

मी तोंड उघडलं. माझ्याकडं नेहमी असतं काहीतरी. वॉचमन असतो, दूधवाला असतो. पण इथवर मी रचलंच नव्हतं.

"माहीत नाही रे," मी म्हटलं.

बक्षीसपत्र होऊन आता बरेच दिवस झाले. जमीन अजून विकलेली नाही. विकणार नाही असंही तो म्हणत नाही. बिल्डरचा माणूस फोन करतो, विश्वजीत 'सांगतो' म्हणून ठेवतो. हडपसरला एका लहान कंपनीत त्याला काम मिळालं आहे, पगार आधीच्या निम्मा, शर्टाला इस्त्री नसली तरी चालते. रविवारी तो खाली उतरतो आणि घमेल्यानं राडारोडा काढतो. ऋतुजा पाणी नेऊन देते. कुणासाठी साफ करतोय, स्वतःसाठी की बिल्डरसाठी, ते मी विचारत नाही. तसं ठरलंय.

गॅलरीतून मला त्याची फक्त पाठ दिसते.