घरी जोडलेला कॉम्प्युटर

लिफ्टवाल्याला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी तो घरीच जोडायचा हे त्याने मामाच्या तोंडावर सांगून टाकलं.

मामा म्हणजे त्याच्या पोरीचा, बारकीचा मामा, लिफ्टवाल्याचा मेहुणा. माणूस व्यवहारी. त्याचं म्हणणं सरळ होतं. "दाजी, दुकानात जायचं, चालू करून बघायचा आणि उचलून आणायचा. उद्या बिघडला तर दुकानदाराच्या गळ्यात. तुम्ही दहा ठिकाणचे दहा तुकडे आणणार, आणि बंद पडला की कुणाची कॉलर धरणार?"

यावर बारकी जी सुटली ती ऐकतच राहावी अशी. वय चौदा, पण या विषयात तिने व्हिडिओ बघून बघून एवढं डोकं भरून ठेवलं होतं की दुकानदारानेही हात टेकावेत. एवढ्या पैशांत तयार मिळतो तो नुसता दिव्यांचा झगमगाट असतो म्हणाली. आत वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं, पॉवर सप्लाय कुठला तरी फडतूस घातलेला असतो, आणि गेम सुरू केला की अडखळतो. तेवढ्याच पैशांत आपण जोडला तर चांगलं कार्ड बसतं. "आणि बाबा लिफ्टच्या वायरिंगमधला माणूस आहे. तो आणि मी मिळून जोडू."

बारकीची आई भाजी निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "आणि पुरा करणार कोण?" हा टोला कुणाला होता ते सगळ्यांना कळलं. लिफ्टवाल्याने चहाच्या कपात तोंड घातलं.

आता यातली मेख सांगायला हवी. नवराबायको वेगळे राहायला लागून बरेच दिवस झाले होते. भांडण दारूचं नव्हतं, बाईचं नव्हतं. या गृहस्थाला सरळ बोलायचं म्हणजे जिभेला काय व्हायचं देव जाणे. पगार झाला तरी झाला नाही म्हणायचा, नोकरी बदलली तरी महिनाभर पत्ता लागू द्यायचा नाही. मोठं खोटं एकही नाही, सगळी चिल्लर. कुणी रागावू नये म्हणून बोललेली. बायकोला शेवटी त्या चिल्लरीचाच वीट आला. "मला काय वाटेल ते सांगा, पण खरं सांगा," असं म्हणून म्हणून ती दमली आणि पोरीला घेऊन भावाजवळ राहायला गेली. तेव्हापासून बारकी रविवारची बापाकडे यायची. आधी दर रविवारी, मग एकाआड एक, मग "बाबा, या वेळी नाही जमणार". त्या एका खोलीत पोरीने करावं तरी काय? बापाच्या पलंगावर बसून मोबाइल बघायचा, तो तर तिला घरीही बघता येत होता.

कॉम्प्युटर जोडायचा ठरला आणि पोरगी परत दर रविवारी यायला लागली. सकाळी आली की संध्याकाळपर्यंत हलायची नाही. आता सांगा, असला कॉम्प्युटर कोणता बाप दुकानातून तयार आणेल?

एकेक वस्तू घ्यायला दोघं मिळून जायची. दुकानदाराने काही दाखवलं की बारकी विचारायची, "याची वॉरंटी किती?" आणि बाप विचारायचा, "याच्यातून करंट किती जातो?" दुकानदार म्हणायचा, "तुम्ही बापलेक आधी आपसात ठरवा, मग माझं डोकं खा." हे सगळे तुकडे ज्यात बसवायचे त्या काचेच्या पेटीवरून दोघांची जुंपलीच. बारकीला दिवे लागणारी हवी होती. "एवढे दिवे कशाला? झोपायचंय की विमान उतरवायचंय?" बाप म्हणाला. शेवटी दिवे नसलेली घेतली आणि वाचलेल्या पैशांत मेमरी वाढवली. परत येताना बारकीने ती पेटी स्वतः उचलली, बापाला हात लावू दिला नाही.

लिफ्टवाल्याने तिला एकच गोष्ट शिकवली, त्याच्या धंद्यातली. वायर लावली की ओढून बघायची. नुसती लागल्यासारखी दिसते यावर जायचं नाही. बोटांच्या चिमटीत धरायची आणि हलकेच ओढायची. आली हातात, तर लागलीच नव्हती. "आमच्यात वायर सुटली तर माणूस मधल्यामध्ये लटकतो," तो म्हणाला. बारकीने ते असं मनावर घेतलं की ती प्रत्येक वायर लावून, ओढून, वर बापाकडे बघायची. त्याने मान हलवली की मगच पुढची.

सगळे तुकडे जमले त्या रविवारी लिफ्टवाल्याने टेबल पुसून त्यावर जुनी चादर अंथरली. प्रोसेसर बारकीनेच बसवला. वरची दांडी दाबताना कर्रर्र असा आवाज झाला आणि पोरीचा चेहरा पांढरा पडला. "बाबा, मोडलं काहीतरी."

"काही नाही गं. पकड घट्ट असली की तसा आवाज येतोच," तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. मग मेमरी बसली, कार्ड बसलं, एकेक वायर लागली. चालू करायच्या बटणाची बारीकशी वायर अगदी तळाच्या कोपऱ्यात होती. तीही तिने लावली, ओढून बघितली. दुपार कलली तोवर काम पुरं झालं. बारकी हात धुवायला गेली.

लिफ्टवाला त्या कॉम्प्युटरसमोर उभा राहिला. आता बटण दाबलं की हा चालू होणार. मग मामा गाडी घेऊन येणार, पेटी तिकडे जाणार, कारण तिकडे बारकीला वेगळी खोली आहे, नेट आहे. आणि मग पोरगी इथे कशाला येईल? त्याने आत हात घातला आणि बटणाची वायर केसभर वर उचलली. वरून बघणाऱ्याला लागलेलीच दिसावी, अशी. एका रविवाराचाच तर प्रश्न होता. पुढच्या खेपेला आपणच "अरे, ही बघ सैल" म्हणायचं आणि दाबून टाकायचं, असा त्याचा हिशेब. इतक्या वर्षांत हा माणूस लोकांच्या लिफ्टमध्ये कधी स्क्रू सैल ठेवून आला नव्हता. आणि हात काळे केले ते पोटच्या पोरीच्या कामात.

बारकीने बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. पंखासुद्धा हलला नाही.

"बघू पुढच्या रविवारी," बाप म्हणाला. "होतं असं. उलट बरं, तेवढंच शिकायला मिळेल." तो हे हसत हसत म्हणाला. बारकी हसली नाही.

पुढच्या रविवारी ती आली तीच मुळी ओढलेल्या चेहऱ्याने. आल्या आल्या सगळं खोललं. वायरींना तिने हात लावला नाही, त्या तर तिने ओढून बघितल्याच होत्या. थेट प्रोसेसर काढला, मोबाइलचा उजेड पाडला आणि खालच्या त्या केसासारख्या पिना न्याहाळत बसली. मग म्हणाली, "बाबा, एक वाकलीये. तो आवाज आला होता ना, तेव्हाच. मी घाई केली."

पिना सगळ्या सरळ होत्या. लिफ्टवाल्याची नजर अजून तीक्ष्ण होती, त्याला ते धडधडीत दिसत होतं. त्याच क्षणी सांगून टाकायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आलेही होते. पण सांगायचं म्हणजे वायर मीच काढली हे सांगायचं, आणि ते कुठल्या तोंडाने सांगणार? आत्ता "सैल आहे बघ" म्हणावं तर ती लगेच विचारणार, सैल झाली कशी. पोरीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला आणि म्हणाला, "रडू नको गं. पुढच्या वेळी बघू शांतपणे."

पुढच्या वेळी ती आलीच नाही. क्लास आहे म्हणाली. त्याच्या पुढच्या रविवारी डोकं दुखत होतं. लिफ्टवाला चादर अंथरून बसून राहिला.

मग बारकीच्या आईचा फोन आला. ती सहसा करायची नाही. "पोरीला काय झालंय? धड जेवत नाही. म्हणते, बाबाचे एवढे पैसे मी बुडवले, आता त्याच्यासमोर कशी जाऊ. शेवटी आमच्या दादाने काल तयार कॉम्प्युटर आणून दिला, तरी तोंडावर हसू नाही. तुम्ही काही बोललात का तिला?"

"नाही," तो म्हणाला. हे मात्र खरं होतं. बोलायला हवं होतं ते तो बोललाच नव्हता.

त्याने फोन ठेवला, वायर दाबून बसवली, बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा उजळला. एवढंसं काम. त्याने पेटी चादरीत गुंडाळली, रिक्षात मांडीवर घेऊन बसला आणि थेट तिकडे गेला. वाटेत त्याने ठरवलं होतं, या वेळी सगळं खरं सांगायचं. पण जुनी सवय ती. बारकीच्या खोलीत पाऊल टाकलं आणि तोंडातून निघालं ते, "चालू झाला गं बारके. स्विचची वायर तेवढी सैल होती."

बारकी नव्या कॉम्प्युटरसमोर बसली होती. त्यावर गेम चालू होता आणि मध्येमध्ये अडखळत होता. तिने हेडफोन काढले. आधी तिचा चेहरा असा फुलला की बापाला वाटलं, जमलं. मग तो हळूहळू उतरला.

"सैल कशी असेल?" ती म्हणाली. "मी ओढून बघितली होती. तू मान हलवली होतीस."

"निघते कधीकधी."

"नाही निघत. तूच सांगितलंयस." ती त्याच्याकडे बघत राहिली. कसल्याही यंत्राचा बिघाड शोधताना असतो तसला शांतपणा तिच्या नजरेत होता, बापाचाच. "मी हात धुवायला गेले होते. बाबा, तू काढलीस?"

त्याने मान खाली घातली.

"का?"

"हा चालू झाला असता तर तू यायची थांबली असतीस." एवढं एक वाक्य तो खरं बोलला, पण उशीर करून.

बारकी रडली नाही. रडून झालं होतं तिचं. ती म्हणाली, "मी तो इथे आणणारच नव्हते. तुझ्याकडेच ठेवणार होते. आईला विचारूनही ठेवलं होतं, शनिवारी संध्याकाळी जाऊ का, राहू का तिथेच म्हणून. आई हो म्हणाली होती. म्हणाली, कॉम्प्युटर पुरा झाला की जा. तुला चालू करूनच सांगणार होते."

लिफ्टवाला पलंगाच्या कडेला टेकला. दर शनिवारी त्याच्या खोलीत पोरीचं अंथरूण पडणार होतं, आणि ते त्याने आपल्या हाताने, केसभर वायर उचलून, घालवलं होतं.

"परत विचार ना आईला," तो म्हणाला. "आता झालाय पुरा. मीच सांगतो तिला."

"काय सांगणार? झाला म्हटलं की ती विचारणारच, काय बिघडलं होतं. वायर कशी निघाली ते सांगणार?" बारकीने दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "मग ती रविवारीसुद्धा नाही सोडणार मला. तुला माहितीये तिचं."

त्याला माहीत होतं. माहीत नसायला काय झालं?

स्वयंपाकघरातून हात पुसत बारकीची आई आली. चादरीतली पेटी तिने पाहिली. बऱ्याच दिवसांनी ती नवऱ्याशी जरा बऱ्या आवाजात बोलली. "आणलात का? झाला चालू?"

लिफ्टवाला उठला. त्याने तोंड उघडलं. आणि त्याच्याआधी बारकी बोलली, अगदी सरळ, डोळ्याला डोळा भिडवून, "नाही गं आई. माझ्याकडूनच बिघडलाय तो. पिन वाकलीये. बाबाने खूप प्रयत्न केला."

इतक्या सफाईने ती याआधी कधी खोटं बोलली नव्हती. आईला शंकासुद्धा आली नाही. तिने पोरीच्या केसांवरून हात फिरवला, म्हणाली, "जाऊ दे बाळा, होतं असं. तू लहान आहेस अजून." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "तुम्हीही मनाला लावून घेऊ नका. शिकतेय ती."

आणि हा बाप, चौदा वर्षांच्या पोरीने आपल्यासाठी अंगावर घेतलेलं ते ऐकून, "हो, शिकतेय," एवढंच म्हणाला. बारकीने हेडफोन पुन्हा कानांवर चढवले. लिफ्टवाल्याने पेटी उचलली, चादरीची टोकं नीट खोचली आणि तो जिना उतरायला लागला.